माळ्यावरची वही आणि वीस चिठ्ठ्या

(पत्र लांब होतं, थोडं कापलंय.)

"ताई नमस्कार. मी सांगलीचा, विश्रामबागेत राहतो, वय ४८. तुम्हाला हसू येईल पण लिहितोच. अकरावीत असताना म्हणजे १९९४ ला आमच्यातल्या एकाच्या मामानं अमेरिकेहून डंजन्स अँड ड्रॅगन्सचा तो लाल डबा आणला होता. डबा मामाकडंच राहिला, आम्हाला मिळाली आतल्या दोन पुस्तकांची झेरॉक्स. गावभागात त्या मित्राच्या वाड्यात माडीवर आम्ही पाचजण दर रविवारी बसायचो, चार वर्षं. तोच डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. फासे नव्हते म्हणून लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या वीस चिठ्ठ्या कापून एका पत्र्याच्या डब्यात टाकलेल्या. काढलेली चिठ्ठी परत टाकायची नाही, वीसच्या वीस संपल्या की मगच डबा भरायचा असा नियम. राक्षस आला की हा 'अलललल डुर्रर्र' करून ओरडायचा आणि खालून त्याची आजी शिव्या घालायची. माझं पात्र म्हणजे एक बुटका, खंडू नावाचा. जून १९९८ ला शेवटचं बसलो तेव्हा आम्ही एका पितळी कुलपाच्या दारासमोर उभे होतो, आतून पाण्याचा आवाज येत होता, आणि हा म्हणाला पुढच्या रविवारी बघू. मग नोकऱ्या लागल्या, तो रविवार आलाच नाही.

मित्र २०२१ ला कोरोनात गेला. मागच्या महिन्यात त्याच्या मुलीनं माळा आवरताना त्याची वही सापडली म्हणून फोटो पाठवला. नकाशे, राक्षसांच्या याद्या, सगळं. २०१९ च्या पुरात वाड्यात पाणी शिरलं होतं, वही माळ्यावर होती म्हणून वाचली. तेव्हापासून मला धड झोप नाही. ग्रुपवर टाकलं तर दोन दिवस नुसते हार्ट आणि रडारड, मग भांडण. मिरजेचा मित्र म्हणतो खेळायचं तर जुन्याच रुल्सनं, नवीन एडिशन म्हणजे पोरखेळ. पुण्याचा म्हणतो नवीन शिका. न्यू जर्सीवाला म्हणतो व्हिडिओवर घ्या. बायको म्हणते नातवंडं व्हायच्या वयात राक्षस कसले खेळताय. मित्राची मुलगी एकोणीसची आहे, होस्टेलवर मैत्रिणींबरोबर नवीन एडिशन खेळते, तिनं विचारलं होतं काका मी पण येऊ का, मी अंगठा पाठवला. तर ताई, वही वाचू का नको? दारापासून पुढं खेळावं का? का आठवण आहे तशीच राहू द्यावी? – खंडू बुटका, विश्रामबाग"

खंडूराव,

हसू नाही आलं ओ. उलट तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग उठून कपाटातली माझी फाश्यांची पिशवी शोधत बसले, दुधावर साय धरली तरी लक्ष नाही. मी सातारची, पण २००१ ते २००४ पुण्यात नोकरीला होते आणि तिथं एका फ्लॅटमध्ये सहा जणांत एकटी बाई म्हणून हा खेळ खेळलेय. माझी चोर होती. तिचं नाव सांगत नाही, तेव्हाच्या एका साहेबाच्या नावावरून ठेवलेलं. तर हे सगळं मला कळतं, तुम्ही समजावून सांगायची गरज नाही, बाकी वाचकांना मी समजावते अधेमधे. (एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातलं एकेक पात्र होतात आणि आपण काय करतो ते तोंडानं सांगतात, असा हा खेळ.)

आधी ते एडिशनचं भांडण घेऊ कारण ते सगळ्यात सोपं आहे आणि तुम्ही चौघंही त्यात चुकताय.

तुमचा तो लाल डबा म्हणजे १९८३ चा असणार. त्यात दोन पुस्तकं, एक ६४ पानी खेळणाऱ्यांचं आणि एक ४८ पानी डीएमचं. (आणि फाश्यांवरचे आकडे रंगवायला एक खडू, तो मामाकडं राहिला असेल.) ज्यांनी ते पहिलं पुस्तक लहानपणी वाचलंय ते आज पन्नाशीला आले तरी अलीना म्हटलं की गप्प होतात. ती त्या पुस्तकातली धर्मगुरू, एकट्यानं खेळायच्या पहिल्याच गोष्टीत तुमच्याबरोबर चालते, तुमच्या जखमा बऱ्या करते आणि तो बार्गल नावाचा मांत्रिक तिला मारतो. तुम्हालाही आठवत असेल. अमेरिकेतल्या, ब्राझीलमधल्या, कुठल्या कुठल्या लोकांना आठवतं. एकमेकांना न बघितलेली माणसं एका कागदी बाईसाठी हळहळतात, आणि तुम्ही मला विचारताय हसू येईल का.

तर मुद्दा असा की त्या लाल पुस्तकात फक्त तिसऱ्या लेव्हलपर्यंतचेच नियम आहेत. पहिली, दुसरी, तिसरी, संपलं. चौथीपासून पुढचं निळ्या डब्यात होतं, ते वेगळं विकत घ्यायचं, आणि तुमच्या पत्रात निळा डबा कुठं नाही. आता मला सांगा, चार वर्षं दर रविवारी खेळून खंडू कितव्या लेव्हलला होता? सातव्या? आठव्या? मग चौथ्या लेव्हलपासून तुम्ही कुणाच्या नियमानं खेळत होता? कंपनीच्या नाही, तुमच्या मित्राच्या. त्यानं गावभागात बसून सतरा-अठराव्या वर्षी स्वतः बनवलेल्या.

आणि ते चिठ्ठ्यांचं. ते वाचून मी हातातला चमचा खाली ठेवला. खेळ न खेळलेल्यांसाठी सांगते, यात काहीही अवघड करायचं म्हटलं, तलवार मारायची, कुलूप फोडायचं, की वीस बाजूंचा फासा टाकतात आणि आकडा मोठा आला तर जमलं. फासा आंधळा असतो, मागच्या वेळी एक आला म्हणून या वेळी वीस येईल असं काही नसतं, दरवेळी वीसात एक. पण तुमच्या डब्यातली चिठ्ठी परत टाकायचीच नाही म्हटल्यावर डबा लक्षात ठेवतो! पहिल्या दहा चिठ्ठ्या सगळ्या फालतू निघाल्या तर उरलेल्या दहा सगळ्या भारी, हे माडीवरच्या प्रत्येकाला माहीत. मग मोठा वार राखून ठेवायचा, आधी कुणीतरी खडे मारत बसायचं, दार ठोठावत बसायचं, म्हणजे वाईट चिठ्ठ्या संपतात. शेवटची चिठ्ठी तर काढायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक. आणि राक्षसाची चिठ्ठी पण त्याच डब्यातून निघत असेल तर मजाच, त्याच्या गळ्यात एक नंबरची घालायला काय काय खटपटी केल्या असतील तुम्ही. हे भिशीचं डोकं आहे खंडूराव, हे अमेरिकेतल्या कुठल्याच एडिशनमध्ये नाही. माझ्या माहितीतली सगळी पुस्तकं आठवून बघितली, नाही.

म्हणून मिरजेच्या मित्राला सांगा की तो ज्याला जुने रुल्स म्हणतोय ते छापलेलेच नाहीत कधी. लाल पुस्तकाची पीडीएफ आता रीतसर विकत मिळते, त्याला म्हणावं घे आणि वाच, बुटका हाच एक पेशा असतो त्यात, बुटका लढवय्या का बुटका चोर असलं काही नाही, आणि आर्मर क्लासचा आकडा जितका कमी तितकं चिलखत चांगलं, वाचताना पाच मिनिटांत डोकं धरेल. तो जे आठवून हळवा होतोय ते तुमच्या मित्राच्या वहीत आहे आणि तिची दुसरी प्रत नाही.

आणि हे तुमचंच असं झालं असंही नाही. हा खेळ जन्मालाच अर्धवट आला. जानेवारी १९७४, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन, तीन छोट्या पुस्तिका एका खोक्यात, दहा डॉलर, पहिल्या फक्त हजार प्रती आणि त्याही हातानं भरलेल्या. एक जण लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावात, दुसरा मिनेसोटात. त्या पुस्तिका वाचून खेळ कसा खेळायचा ते नीट कळायचंच नाही, लढाईसाठी त्यांचंच एक जुनं युद्धखेळाचं पुस्तक लागायचं, जंगलातून फिरायला तर चक्क दुसऱ्या कंपनीच्या बोर्डगेमचा नकाशा वापरा म्हणून सांगितलेलं. मग प्रत्येक गावात पोरांनी आपापल्या परीनं भोकं बुजवली. तिथपासून घराघरात खेळ वेगळा. आणि चिठ्ठ्यांची लाज वाटत असेल तर हे ऐका, १९७९ च्या सुमारास कंपनीलाच फासे पुरेनात, तेव्हा त्यांनी खोक्यात फाश्यांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घालून विकले, कपात घालून हलवा आणि काढा. तुमची लग्नपत्रिका काय वेगळी होती.

पुढं १९९७ ला ती मूळची कंपनी विकली गेली, २००० ला तिसरी एडिशन, २००८ ला चौथी, २०१४ ला पाचवी, आणि दरवेळी जुने लोक म्हणाले की खरा खेळ आमच्या वेळचा. २००६ पासून तर काही जुन्या लोकांनी जुनेच नियम नव्यानं लिहून काढले, काहींनी फुकट वाटले. ते काम मला आवडतं, मनापासून. पण त्यातही दोन जाती बघितल्यात मी, एक जे जुन्या नियमांनी शनिवारी रात्री बसून खरंच खेळतात आणि एक जे नुसते कुठलं जुनं जास्त खरं यावर भांडतात, आणि दुसऱ्या जातीतल्या माणसाला विचारा शेवटचं कधी खेळलास तर उत्तर पाच-सहा वर्षांपूर्वीचं येतं. तुमचा ग्रुप सध्या दुसऱ्या जातीत आहे. फोटो आल्यापासून महिना झाला ना?

बायकोचं थोडक्यात. महिन्यातून एक रविवार, तीन तास. आमचे हे त्याहून जास्त वेळ जुन्या क्रिकेट मॅचेस बघतात ज्यांचा निकाल पाठ आहे. पण वहिनींना एक गोष्ट सांगून बघा. तुम्ही नाट्यपंढरीत राहता ना? विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीत सीता स्वयंवर केलं, आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं, तेव्हा नाटकातली पदं सूत्रधार म्हणायचा आणि बोलणी पात्रं ऐनवेळी स्वतःच्या मनानं करायची, लिहून दिलेले संवाद नव्हतेच. सूत्रधार सांगणार काय घडतंय, पात्रं ठरवणार काय बोलायचं. आणि त्यातले राक्षस कसे यायचे? आरडाओरडा करत, रंगमंच दणाणवत, म्हणून त्या नाटकांना पुढं लोक चेष्टेनं अललडुर्रची नाटकं म्हणायला लागले. तुमच्या मित्राला हे माहीत होतं का नुसतं आजोबांकडून कानावर पडलेलं होतं कुणास ठाऊक, पण तो राक्षस १३१ वर्षांनी मागून आलेल्या अमेरिकन खेळात सांगलीचाच शिरला. (बाय द वे त्यांच्याकडंही राक्षस आहे. आपलाच, नावासकट. १९७७ च्या राक्षसांच्या पुस्तकात वाघाच्या तोंडाचा, कोट घालून आरामात पाईप ओढत बसलेला काढलाय. रावणानं बघितला असता तर.)

आता मुख्य. तुम्ही पत्रात एक वाक्य घाईघाईत टाकलंय, मुलीनं विचारलं मी येऊ का आणि मी अंगठा पाठवला. बाकी सगळ्या पत्रात तुम्ही इतकं भरभरून लिहिलंय, आजीच्या शिव्यासुद्धा आहेत, आणि इथं नुसता अंगठा. एकोणीस वर्षांची पोरगी, चार वर्षं झाली बाप जाऊन, माळ्यावर त्याच्या अक्षरातली वही सापडते तेव्हा ती कुणाला पाठवते तर तुम्हाला. आणि विचारते काय तर येऊ का. तिला अंगठ्यातून काय कळायचं, हो का नाही का बघू?

तुम्ही विचारताय वही वाचू का. वही तुमची आहे का?

जरा कडक झालं, माहितीये. पण मला वाटतं तुमची झोप तिथंच उडालीय. तुम्हाला तो १९९८ चा जून हवाय, तीच माडी, तेच पाचजण, आणि त्यात ही सहावी कुठून आली असं आत कुठंतरी झालंय. ती नवीन एडिशन खेळते म्हणून नाही. ती त्यावेळी नव्हती म्हणून. पण मित्र तरी आता कुठं आहे त्या माडीवर.

आणि अजून एक, ही तर साधी खेळाची अडचण आहे, भावनेची नाहीच. डीएमची वही जो वाचेल त्याला खेळता येत नाही. दारामागं काय आहे, सापळा कुठं, कोण फितूर, हे कळलं की संपलं, मग तो सूत्रधार. म्हणजे वही वाचली तर खंडूला तुम्ही घरी बसवलं. सत्तावीस वर्षं दारासमोर उभा आहे बिचारा. तुम्हाला वाचायचंही आहे आणि कुऱ्हाड घेऊन आत शिरायचंही आहे, आणि दोन्ही होत नाही, म्हणून तुम्ही मला विचारताय. मिरजेचा वाचणार नाही, पुण्याचा आळशी दिसतोय (माफ करा पण 'नवीन शिका' म्हणणारा माणूस स्वतः डीएम व्हायला कधी तयार नसतो), न्यू जर्सीवाल्याला तिकडून जमणार नाही.

वाचलीय कुणी? तिनं. फोटो काढून पाठवायच्या आधी पानन् पान वाचलं असणार, मी असते तर माळ्यावरून खाली न उतरता वाचली असती. खेळ तिला येतो. बापाचं अक्षर तिला लागतं. दाराच्या मागं काय आहे ते या जगात आता तिलाच माहीत आहे आणि तुम्ही चौघं तिला सोडून थॅकोवर, म्हणजे वार लागला का नाही याच्या जुन्या हिशोबावर, भांडताय.

पण लगेच फोन लावून 'बाळा तू आमची डीएम हो' असं म्हणू नका. थांबा. तिला काय हवंय ते आपल्याला माहीत नाही. कदाचित तिला गोष्ट चालवायचीय. कदाचित तिला चालवायची अजिबात नाही, तिला नुसतं टेबलाशी बसून बघायचंय की बाबा कसले होते, कुठल्या जोकला हसायचे, हे कुणाबरोबर रविवार घालवायचे. दोन्ही शक्य आहे. म्हणून विचारा, सरळ, मेसेजवर नाही फोनवर, की तुला कुठल्या खुर्चीत बसायला आवडेल. ती म्हणाली मी चालवते, तर खंडूची कुऱ्हाड पुसून ठेवा. ती म्हणाली मला खेळायचंय, तर तुम्ही वही घ्यायची, तिला तुमची खुर्ची द्यायची, आणि खंडू तिला खेळवायचा असेल तर खंडूसुद्धा. त्या दिवशी जरा दुखेल. चालतंय.

त्याआधी तिच्या आईला फोन. वहिनींना विचारल्याशिवाय वही घरातून हलवू नका. आणि मूळ वही टेबलावर आणूच नका, पुराच्या ओलीत माळ्यावर राहिलेला कागद आहे, पेन्सिल पुसट झाली असेल. आधी मोबाईलवर नीट उजेडात प्रत्येक पानाचे फोटो, मग झेरॉक्स, वही परत वहिनींच्या कपाटात. कुणीतरी लॅमिनेशन करू म्हणेल, करू देऊ नका, एकदा चिकटलं की चिकटलं. झेरॉक्सवर खेळा, तुमचा खेळ सुरूच झेरॉक्सवर झाला होता.

गायगॅक्स मार्च २००८ ला गेला. अंत्यसंस्कार झाल्यावर त्याची माणसं, मित्र, जुने खेळाडू गावातल्या एका हॉलमध्ये जमले आणि टेबलं लावून खेळायला बसले. त्याच दिवशी. मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा कसंतरीच वाटलं होतं, आपल्याकडं घरात माणूस गेल्यावर पत्ते काढले तर काय म्हणतील. पण ते तिथंच थांबले नाहीत, पुढच्या वर्षीपासून दर मार्चमध्ये त्याच गावात त्याच्या नावानं जमायला लागले, गॅरी कॉन म्हणतात, अजून चालू आहे, म्हातारे येतात, त्यांची पोरं येतात. तुमच्यात २०२१ ला कुणाला नीट भेटता तरी आलं होतं का? नसणारच. तेव्हा कुणालाच नाही आलं.

फक्त एक करू नका, हार घातलेला फोटो टेबलावर ठेवू नका. कळतंय मला मोह होईल. पण फोटो ठेवला की सगळे सावरून बसतील, आवाज खाली येईल, आणि त्या माणसाच्या खेळात आवाज खाली कसा चालेल, तो तर आजीच्या शिव्या खाऊन ओरडायचा.

आता माझा अनुभव सांगते, कौतुकाचा नाही. आमचा तो पुण्याचा ग्रुप, आम्ही पण पंधराएक वर्षांनी परत जमायचं ठरवलं. एकाच्या घरी, सगळे आले, एक जण तर हैदराबादहून. चार वाजता बसलो. सात वाजेपर्यंत नुसतं तुला आठवतंय का, तुला आठवतंय का. मग कुणीतरी म्हणालं तू तेव्हा चीटिंग केलेलीस, मग तिसऱ्या एडिशनचा एक नियम निघाला, मोबाईल निघाले, पान नंबर निघाले. फासा एकदाही पडला नाही. मला काम आहे सांगून मी निघाले, काम काही नव्हतं, स्वारगेटला दीड तास सातारा गाडीची वाट बघत बसले. परत कुणी बोलावलं नाही, मीही नाही. त्यामुळं मी सांगते ते ऐका, आल्या आल्या चहाच्या आधी एक चिठ्ठी काढायची. दार, पितळी कुलूप, खंडू काय करतोस, काढ चिठ्ठी. आठवणी नऊच्या नंतर, जेवताना, कितीही.

दिवस दिवाळीतला ठरवू नका. सगळे म्हणतील दिवाळीला सांगलीत आहोतच तेव्हा बसू, आणि मग भाऊबीज, सासुरवाडी, कुणाची तरी गाडी बिघडलेली, दोघंच उरतील. साधा रविवार धरा, महिन्याचा पहिला का तिसरा ते एकदा ठरवून टाका आणि तिघं आले तरी खेळ होणार हे आधीच सांगून ठेवा. न्यू जर्सीवाल्यासाठी संध्याकाळी साडेसात धरलं तर तिकडं उन्हाळ्यात सकाळचे दहा, थंडीत नऊ, त्याला कॉफी घेऊन बसता येतं. एक मोबाईल टेबलाच्या मधोमध उभा करा, आणि सगळ्यांनी एकदम बोलायचं नाही हे त्याच्यासाठी तरी पाळा, नाहीतर त्याला नुसता गलका ऐकू येतो. त्याची चिठ्ठी सांगलीत त्याच्या वतीनं दुसऱ्यानं काढायची, डबा एकच, दोन डबे केले तर तो सगळा हिशोबच मोडतो.

डबा! मूळ डबा कुणाकडं आहे? पत्रात नाही. माझा अंदाज, मिरजेच्या मित्राकडं. सगळ्यात जास्त भांडणाऱ्याकडंच अशी वस्तू निघते. नसेल तर नवीन चिठ्ठ्या कापायचं काम त्यालाच द्या, वीसच्या वीस सारख्या मापाच्या, कोपरा दुमडलेली एकसुद्धा नको, आणि घरात आलेल्या पत्रिकांच्याच. नियम कुठले हा वाद परत काढला की त्याला म्हणायचं नियम वहीत आहेत आणि डबा तुझ्या हातात आहे, अजून काय पाहिजे. आणि पोरगी तिच्या फाश्यांची पिशवी घेऊन येईल, येऊ दे, त्या पोरींचे फासे सुंदर असतात आजकाल, काचेसारखे, आत चमकी. तिला एकदा डब्यातली चिठ्ठी काढू द्या आणि परत टाकायची नाही म्हणून सांगा. तिचा चेहरा बघा. हिशोब तिला तुमच्याआधी कळेल.

शेवटचं एक सांगते, ते आधीच माहीत असलेलं बरं. 'पुढच्या रविवारी बघू' हे वाक्य डीएम लोक कधी म्हणतात माहितीये का? रंगात आलेलं असताना गोष्ट टांगून ठेवायला म्हणतात हे खरं, पण जास्त वेळा पुढचं काही तयार नसलं की म्हणतात. मी स्वतः दोनदा चालवलाय खेळ, दोन्ही वेळा म्हटलंय. दार आहे, कुलूप आहे, आतून आवाज येतोय, आणि मला काडीचं माहीत नाही कसला आवाज. एवढी वर्षं तुम्ही ज्या दाराचा विचार करताय त्याच्यापुढचं पान कोरं असू शकतं खंडूराव. किंवा नुसतं 'पाणी???' लिहिलेलं असेल आणि खाली कुठल्यातरी सबमिशनची तारीख.

हे तिला आत्ताच माहीत असणार. कोरं असेल तर ती तुम्हाला कसं सांगू या काळजीत असेल, म्हणूनही विचारलं असेल येऊ का. तर फोन करा, आज रविवार आहे, दुपारी होस्टेलवर पोरी झोपतात, पाचनंतर करा. आणि भडंग वेगळ्या ताटलीत घ्या, झेरॉक्सची शाई तेलानं पसरते, आमच्या नकाशातली अख्खी एक खोली तशी गेली होती.

– ताई